बर्मिंगहॅममधला ऐच्छिक विषय

चिन्मय आणि इरा,

मेलबर्नहून तुम्ही फोनवर विचारलंत, "आजी, इंग्लंडमध्ये काय काय पाहिलंस?" मी म्हटलं, "एक कारखाना बाहेरून आणि एक आतून." तुम्हाला राणीचा राजवाडा ऐकायचा होता. तोही पाहिला. गर्दी होती, राणी नव्हती. त्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच.

कारखान्यांचं मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण त्यांच्यामुळे माझ्या डोक्यात जो गुंता झाला तो सांगलीला येऊन दोन महिने झाले तरी पुरता सुटलेला नाही. मी जन्मभर मुलींना इंग्रजी शिकवलं. तरी या प्रवासात एक-दोन सोप्या इंग्रजी शब्दांनी मला असं गोल फिरवलं की काही विचारू नका. वारांप्रमाणे क्रमाने लिहिते. क्रम माझा, गोंधळ त्यांचा.

रविवार: फाटक चुकलं

तुमची वैदेहीआत्या बर्मिंगहॅमच्या दक्षिण बाजूला राहते. लाल विटांची जोडघरं, सगळी एका साच्यातून काढल्यासारखी. मे महिना होता, २००५ साल. विमानतळावरून आलो, मिलिंदराव, म्हणजे तुमच्या आत्याचे यजमान, डिकीतून माझी बॅग काढत होते, तोवर मी मोठ्या आत्मविश्वासाने फाटक उघडून आत शिरले आणि दारातल्या गोऱ्या म्हाताऱ्याला नमस्कार केला.

"या, बॅब, आत या," तो म्हणाला. "पण तुमची लेक पलीकडच्या घरात राहते."

हा रॉन. शेजारी, एकटा, निवृत्त. 'बॅब' हा शब्द मला शब्दकोशात सापडला नाही. वैदेही म्हणाली, "अगं, इथे बसचा ड्रायव्हरसुद्धा बायकांना बॅब म्हणतो. आपल्याकडे 'ताई' म्हणतात तसं धर."

घरात सगळं नीटनेटकं होतं, पण मिलिंदराव गप्प. एरवी ते विमानतळावरच कोपरखळ्या सुरू करतात. चहा झाल्यावर वैदेहीने सांगितलं.

मिलिंदरावांची कंपनी मोटारींच्या ब्रेकच्या नळ्या बनवते. कारखाना बर्मिंगहॅममध्ये, विमानतळावरून येताना तो मी बाहेरून पाहिला होता; मालक अमेरिकन. गिऱ्हाईक म्हणजे दीड तासावरचा जपानी मोटार कारखाना. स्लोव्हाकिया नुकताच युरोपच्या संघात आला होता. तिथे मजुरी कमी आणि मधल्या सीमेवर अडवणूक नाही, म्हणून अमेरिकन मालकाने नळ्यांचं काम तिकडे हलवायचं ठरवलं होतं. इथल्या लोकांना 'व्हॉलंटरी रिडंडन्सी' देऊ केली होती, म्हणजे स्वतःहून नोकरी सोडणं. पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारपर्यंत होय की नाही ते सांगायचं.

"व्हॉलंटरी म्हणजे ऐच्छिक ना?" मी म्हटलं. "मग नको म्हणा."

"नको म्हटलं तर मागून कंपल्सरी येते, आई," मिलिंदराव म्हणाले. "स्वतःहून गेलो तर पैसे बरे मिळतात. काढलं तर कमी. जायचं दोन्हीत आहे."

तेव्हा मला आमची शाळा आठवली. आठवीला एक ऐच्छिक विषय असे, चित्रकला किंवा संगीत. संगीताच्या बाई निवृत्त झाल्या, त्यांची जागा भरली गेली नाही, पण वेळापत्रकात 'ऐच्छिक' हेच राहिलं. पुढे कित्येक वर्षं सगळ्या मुली स्वेच्छेने चित्रकला घेत होत्या.

मी हे सांगितल्यावर दोघं हसली, पण पोटातून नाही. कारण त्यांना तिथे कायम राहायची परवानगी अजून मिळायची होती. मिलिंदरावांचं कामाचं परमिट त्या एका नोकरीला बांधलेलं. ती गेली आणि वेळेत दुसरी मिळाली नाही, तर हौसेने घेतलेलं घर विकून, मागच्या अंगणातल्या फुललेल्या सफरचंदाच्या झाडासकट सगळं सोडून परत यायचं. परत येण्यात वाईट काहीच नाही, हे मी बोलून दाखवलं. वैदेही म्हणाली, "आई, परत येणं आणि परत पाठवलं जाणं यात फरक आहे."

मंगळवार: रॉनकडचा 'टी'

रॉनने मला पाच वाजता 'टी'ला बोलावलं. टी म्हणजे चहा, हे मी पाचवीतल्या मुलींनाही सांगत असे. म्हणून मी साडेचारला घरी भाकरी-पिठलं खाऊन गेले. तर समोर आली भली मोठी ताटली, चिप्सचा, म्हणजे तळलेल्या बटाट्याच्या फोडींचा, डोंगर, भाजलेले टोमॅटो, वर चीज. त्या भागात 'टी' म्हणजे संध्याकाळचं जेवण. मी शाकाहारी म्हणून बिचाऱ्याने मुद्दाम वेगळं रांधलं होतं. मी सगळं संपवलं. त्या रात्री झोपताना उशी उंच घ्यावी लागली.

रॉनने उमेदीची सगळी वर्षं मिलिंदरावांच्याच कारखान्यात काढली होती. त्याचं बोलणं मी मराठीत लिहिते.

"मी तरुण होतो तेव्हा जपानी गाडी म्हणजे विनोद होता, मिसेस के.," तो म्हणाला. माझं कुलकर्णी हे नाव त्याने पहिल्याच दिवशी कापून एवढंसं केलं होतं. "मग तो विनोद भर जानेवारीत पहिल्या किल्लीला सुरू व्हायला लागला. तेव्हा मात्र कुणी हसेना."

पुढची हकीगत अशी. तेल महागलं, अमेरिकेतल्या लोकांना लहान गाड्या हव्याशा झाल्या. त्यांच्या कारखान्यांत मोठ्या गाड्या बनत. जपानच्या लहान गाड्या धडाधड खपू लागल्या, अमेरिकेतली माणसं घरी बसू लागली.

"मग अमेरिकेने जपानला सांगितलं की गाड्या कमी पाठवा?" मी विचारलं.

"छे छे! सांगितलं नाही. जपाननेच ठरवलं की दर वर्षी आपण ठरावीकच गाड्या पाठवायच्या. अगदी व्हॉलंटरी." असं म्हणून त्याने एक डोळा मिटला.

पुन्हा तोच शब्द! मी विचारलं, "मग जपानचं नुकसान झालं?"

रॉन इतका हसला की त्याला पाणी प्यावं लागलं. "गाड्या किती पाठवायच्या ते ठरलं होतं, मिसेस के. केवढ्याच्या पाठवायच्या ते नव्हतं."

हे मला लगेच कळलं, कारण माझ्या बॅगेचं तेच झालं होतं. विमानवाल्यांनी वजन ठरवून दिलेलं. मी आधी भरलेले पोहे आणि साबुदाणा बाहेर काढला आणि तेवढ्याच वजनात केशर, वेलदोडे, काजू आणि तासगावचा बेदाणा भरला. बॅग वाढली नाही, किंमत वाढली. जपान्यांनीही स्वस्त गाड्यांच्या जागी भारी गाड्या पाठवल्या. शिवाय त्यांनी थेट अमेरिकेतच कारखाने उभे केले. बाहेरून गाडी पाठवायचीच नाही म्हटल्यावर मोजणार काय?

इंग्लंडचंही तसंच. इथे म्हणे दोन्हीकडच्या उद्योगांनी सभ्य गृहस्थांसारखं आपसात ठरवलं होतं की जपानी गाड्या बेताने याव्यात. म्हणून जपान्यांनी इंग्लंडच्या शेतात कारखाने घातले. ती बंधनं आता उठली आहेत, कारखाने मात्र शेतातच राहिले.

"आणि अमेरिकन कारखान्यांना याचा फायदा झाला?"

"वेळ मिळाला," रॉन म्हणाला. "वेळ मिळाला की माणूस एक तर अभ्यास करतो, नाहीतर झोपतो."

परीक्षा पुढे ढकलली की वर्गात काय होतं ते मला माहीत आहे, त्यामुळे मी पुढे विचारलं नाही.

मग त्याने कोंबड्यांचं काढलं. त्याच्या म्हणण्याप्रमाणे जपानी ट्रक अमेरिकेत महाग, कारण जर्मन लोक कोंबड्या खात नाहीत. घरी येऊन हे सांगितल्यावर मिलिंदराव पहिल्यांदाच मोकळेपणी हसले. "रॉनचं अर्धं बरोबर आहे, आई. युरोपने अमेरिकेच्या स्वस्त कोंबड्यांवर जकात बसवली. अमेरिकेने रागावून बाहेरच्या छोट्या ट्रकवर जकात बसवली. कोंबड्यांचं भांडण कधीच थंडावलं. ट्रकवरची जकात अजून आहे. आणि जपानचा कोंबड्यांशी काही संबंध नसताना बसली त्यांच्यावर."

मला वाटलं, उलगडा होईल. तर कोंबडी नवीनच आली.

शनिवार: हायाशी-सान जेवायला

जपानी कारखान्यात बाहेरून येणाऱ्या सुट्या भागांवर देखरेख करणारे हायाशी म्हणून गृहस्थ आहेत. पन्नाशी उलटलेली, कुटुंब जपानमध्ये, इथे भाड्याच्या घरात एकटे. मिलिंदरावांचा आणि त्यांचा कामामुळे चार वर्षांचा परिचय. जपानी लोक आदराने नावापुढे 'सान' लावतात, आपण 'राव' लावतो तसं. त्यांना जेवायला बोलावलं होतं. त्यांच्या विभागात एक जागा रिकामी आहे अशी कुणकुण मिलिंदरावांना लागली होती, हे तुम्हाला सांगायला हरकत नाही.

दारात आल्या आल्या त्यांनी बूट काढले आणि टाचा जुळवून बाहेर तोंड करून ठेवले. इंग्लंडात मला भेटलेला हा पहिला पाहुणा, ज्याला काही सांगावं लागलं नाही. मी शिक्षिका होते हे कळल्यावर ते कमरेत वाकून मला 'सेन्सेई' म्हणाले. सेन्सेई म्हणजे शिक्षक. मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे शिक्षिकेला नुसतं 'बाई' म्हणतात. त्यांनी दोनदा 'बाई, बाई' असं घोकून पाहिलं आणि पुन्हा सेन्सेईवर आले.

बेत पुरणपोळीचा होता. मिलिंदराव म्हणाले, "हायाशी-सान, या पोळीचं लोकल कंटेंट तपासा." जपानी गाडी इंग्लंडात जोडली तरी ती युरोपची गाडी मानायची तर तिच्यातला बराचसा माल युरोपातलाच हवा, असा दंडक होता. त्यापायीच जपानी कारखाना जवळपास नळ्या, काचा, आसनं विकत घेऊ लागला आणि मिलिंदरावांच्या अमेरिकन मालकाला इंग्लंडात जपानी गिऱ्हाईक मिळालं. आता पोळीचं पाहा: पीठ इथल्या गिरणीचं, तूप डेन्मार्कच्या लोण्याचं, डाळ कॅनडाची, गूळ आणि जायफळ माझ्या बॅगेतलं, लाटणारी सांगलीची, गॅस इंग्लंडचा.

"ही पोळी युरोपियन आहे," हायाशी-सान गंभीरपणे म्हणाले. "विनाजकात पास."

दोन पोळ्या त्यांनी आवडीने खाल्ल्या. मी तिसरी घेऊन गेले तेव्हा हात ताटावर न धरता, मान किंचित कलती करून ते म्हणाले, "इट इज अ लिटल डिफिकल्ट."

"काही डिफिकल्ट नाही, पातळ आहे," म्हणून मी वाढली, वर तूप सोडलं. त्यांनी खाल्ली.

जेवणं झाल्यावर मिलिंदरावांनी विषय काढला. तुमच्या विभागात जागा आहे असं ऐकतो, मी अर्ज केला तर कसं? हायाशी-साननी दातांतून सावकाश हवा आत ओढली, मान पुन्हा कलती केली आणि म्हणाले, "इट इज अ लिटल डिफिकल्ट." मग त्यांनी सफरचंदाच्या मोहोराची चौकशी केली. निघताना मला म्हणाले, "सेन्सेई, बुधवारी मिलिंद-सान आमच्याकडे येणार आहेत. त्यांच्याबरोबर कारखाना पाहायला या."

ते गेल्यावर मिलिंदराव भांडी विसळत राहिले. मी मात्र खुशीत होते. "अहो, काळजी कसली करता? 'लिटल' आणि 'अ लिटल' यातला फरक मी आठवीला फळ्यावर लिहून शिकवत असे. 'अ लिटल' म्हणजे थोडंसं. थोडंसं कठीण म्हणजे बरंचसं सोपं. पोळीच्या वेळीही तेच म्हणाले आणि खाल्ली की नाही?"

वैदेहीचा चेहरा उजळला. "मिलिंद, मग टाक ना व्हॉलंटरी घेऊन! चांगले पैसे घे आणि इकडे जॉइन हो. सगळं सॉर्ट होईल."

"बघू," मिलिंदराव म्हणाले.

बुधवार: पिवळ्या शेतातला कारखाना

गावाचं नाव लिहीत नाही, मिलिंदरावांनी बजावलंय. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोहरीसारख्या पिकाची पिवळीधमक शेतं, मधून मेंढ्या, आणि एकदम क्षितिजावर लांबच लांब, पांढरं, खिडक्या नसलेलं काहीतरी. तोच कारखाना.

मिलिंदराव त्यांच्या कामाला गेले. हायाशी-साननी मला टोपी, चष्मा आणि करडं जॅकेट दिलं. तिथे सगळेच तेच जॅकेट घालतात, झाडणारा आणि वरचा साहेब एकाच रंगात. गाड्या सावकाश पुढे सरकत होत्या आणि माणसं त्यांच्याबरोबर चालत काम करत होती. डोक्यावर एक दोरी टांगलेली. दंडावर गुलाब गोंदलेल्या एका इंग्रज मुलीने ती ओढली. कुठेतरी खेळण्यातल्यासारखी धून वाजली आणि दोन माणसं धावत आली. मला वाटलं, आता हिला बोलणी बसणार. त्यांनी "थँक यू" म्हटलं! तिला एक पट्टी नीट बसत नाहीये असं वाटलं होतं, म्हणून तिने सगळ्यांना थांबवलं आणि त्यासाठी तिचे आभार. आमच्या शाळेत प्रार्थना चालू असताना एखादीने हात वर करून "बाई, सूर चुकतोय" म्हटलं असतं तर? सूर रोज चुकायचा. थांबवलं कुणीच नाही.

दोरीचा फोटो तुम्हाला पाठवावा म्हणून मी कॅमेरा काढला आणि रीतसर विचारलं. हायाशी-सान मान कलती करून म्हणाले, "इट इज अ लिटल डिफिकल्ट."

थोडंसं कठीण. मी कॅमेरा डोळ्याला लावला. दोरी दिसेना. सरकले, तरी दिसेना. कॅमेऱ्यात नुसतं करडं जॅकेट. हायाशी-सान हसतमुखाने, जराही न हलता, बरोबर माझ्यासमोर उभे होते. चिन्मय, तो फोटो मी तुला पाठवलाय. तू विचारलंस, "आजी, हे बटण कसलं?" ते बटण त्यांचं.

मी कॅमेरा खाली केला. कँटीनमध्ये चहा समोर आल्यावर मी विचारलं, "हायाशी-सान, शनिवारची तिसरी पोळी तुम्हाला नको होती का?"

"पोळी फार छान होती, सेन्सेई." थोडं थांबून म्हणाले, "दोन."

"मग खाल्लीत कशाला?"

"तुम्ही वाढलीत. मी व्हॉलंटरी खाल्ली."

रॉनने डोळा मिटला होता. यांनी नुसता कप थोडा फिरवला. तरुणपणी ते जपानमध्ये गाड्या परदेशी धाडणाऱ्या विभागात होते. "तेव्हाही आम्ही फार व्हॉलंटरी होतो," ते म्हणाले. "अमेरिका फार प्रेमाने वाढत होती."

मुलांनो, आग्रह म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. तुमच्या आईने तुम्हाला माझ्या पंगतीतून कितीदा सोडवून घेतलंय. इतके दिवस मी विचार करत होते की स्वेच्छेने केलेली गोष्ट सक्तीची कशी असेल, आणि मी स्वतः जन्मभर पंगतीत तेच करत आले होते. 'हवी असेल तरच घ्या हं' म्हणायचं आणि वाढून मोकळं व्हायचं. पाहुण्याने स्वखुशीने खाल्ली! फक्त एवढंच की आग्रह झालेला पाहुणा पुढच्या वेळी जेवूनच येतो. जपान कारखानाच घेऊन आला.

पण माझ्या मनात पोळी नव्हती. मी सरळ विचारलं, "म्हणजे मिलिंदरावांना तुम्ही नाही म्हणालात."

त्यांनी चहाचा एक घोट घेतला. "मिलिंद-सान आमच्या पुरवठादाराचे माणूस आहेत. गिऱ्हाइकाने पुरवठादाराचं माणूस न्यायचं नसतं. ते स्वतःहून सोडून आले, तरी लोक म्हणणार आम्ही बोलावलं. ते कठीण."

"आणि कंपनीने त्यांना काढलं तर?"

त्यांनी बाहेरच्या पिवळ्या शेताकडे पाहिलं. "मग ते वेगळं बोलणं होईल," म्हणाले.

हे मला कुणी समजावून द्यायला नको होतं. सांगलीत शेजारणीची स्वयंपाकीण फोडली तर दोन घरांचं हळदीकुंकू बंद होतं. ती आपण होऊन आली असं शपथेवर सांगितलं तरी कुणी ऐकत नाही. पण शेजारणीने तिला काढलं, तर दुसऱ्या दिवशी ती तुमच्या ओट्याशी उभी असली तरी कुणाची तक्रार नसते. आणि असली गोष्ट कुणी थेट बोलतही नाही. लग्न जमवताना मुलाला सोडून त्याच्या मावशीजवळ शब्द टाकतात, तसा हा शब्द माझ्याजवळ टाकला होता. की नव्हता? त्यांनी मग लगेच बिस्किटांची बशी पुढे केली. मी एकच घेतलं.

परतीच्या वाटेवर मी मिलिंदरावांना म्हटलं, "शनिवारी ते नाही म्हणाले होते."

"माहीत होतं, आई. चार वर्षं ऐकतोय मी ते वाक्य."

"मग बोलला नाहीत?"

"तुम्ही ते 'अ लिटल'चं इतकं ठामपणे सांगितलंत, म्हटलं, इंग्रजी यांचं पक्कं आहे. मला बरं वाटलं ऐकून."

मग मी चहावरचं सगळं सांगितलं, शब्दाला शब्द. समोर गोल चौक आला. त्याला आम्ही दोनदा प्रदक्षिणा घातली, कारण वळायचा रस्ता पहिल्या फेरीत हुकला.

शुक्रवार

गुरुवारी घरात वादावादी झाली. वैदेहीचं म्हणणं साधं होतं. व्हॉलंटरीचे पैसे हातात येणारे, हायाशींचं बोलणं हवेतलं. "लेखी काही नाही. 'वेगळं बोलणं' म्हणजे काय? कसलं बोलणं?"

"ते तसंच बोलतात," मिलिंदराव म्हणाले.

"आणि बोललेच नाहीत तर? कमी पैशात घर विकून जायचं, परमिटशिवाय?" मग माझ्याकडे वळून, "आई, तू नक्की ऐकलंस ना? शनिवारीही तू नक्कीच ऐकलं होतंस."

हे लागलं, पण खोटं नव्हतं. मी म्हटलं, "ऐकलं ते नक्की. कळलं ते नक्की नाही."

शुक्रवारी सकाळी मिलिंदराव सफरचंदाखाली चहाचा कप घेऊन उभे राहिले. चहा न पिताच ऑफिसला गेले. कुंपणापलीकडून रॉनने विचारलं, "काय ठरलं?" मी घड्याळाकडे बोट दाखवलं. संध्याकाळी मिलिंदराव आले आणि बूट काढता काढता म्हणाले, "'नाही' म्हणून सांगितलं. स्वतःहून जात नाही म्हटलं." ऑफिसातल्या बाईंना वाटलं, याला इंग्रजी नीट कळलेलं नाही. त्यांनी म्हणे मोठ्या अक्षरात आकडे लिहून दाखवले. तरी यांचं आपलं 'नाही'च.

वैदेहीने त्यांच्यासाठी वरण-भात मऊ केला, आजाऱ्याला करतात तसा.

सांगली

जूनच्या शेवटी मी परतले तेव्हा काहीच झालेलं नव्हतं. काढतही नव्हते, ठेवतही नव्हते. माझा जीव टांगलेला. मग एके दिवशी फोन वाजला आणि वैदेही जवळजवळ ओरडली, "आई, काढलं! मिलिंदला काढलं! कंपल्सरी!"

मी देवापुढे साखर ठेवली. आमच्या मजल्यावरच्या गोखलेबाई विरजण मागायला आल्या होत्या. "काय आनंदाची बातमी?" म्हणाल्या. मी त्यांच्या हातावर साखर घातली आणि सांगितलं, "जावयांची नोकरी गेली." त्यांनी साखर तोंडात टाकली नाही, मुठीत धरून निघून गेल्या. विरजण विसरल्या.

त्यानंतरचे दिवस वाईट होते. ते लिहीत नाही. फोन वाजला की मी उचलायला घाबरे आणि नाही वाजला तरी घाबरे. हायाशी-साननी घाई केली नाही, जणू सुतकाचे दिवस पाळत होते. मग त्यांनी मिलिंदरावांना चहाला बोलावलं. नंतर रीतसर मुलाखत झाली, नवीन परमिटचा अर्ज गेला, आणि गेल्या सोमवारपासून मिलिंदराव करडं जॅकेट घालून तिथे जातात.

आता भारतातला माणूस इंग्लंडच्या शेतात जपानी मालकासाठी स्लोव्हाकियातून आलेल्या अमेरिकन नळ्या तपासतो. यात कोण जिंकलं आणि कोण हरलं, हे मला फळ्यावर लिहून सांगता येणार नाही. मुलाखतीचं मात्र वैदेहीने सांगितलं ते सांगते. लांब टेबलापलीकडे सातजण बसले होते. मधल्या साहेबांनी पहिलाच प्रश्न विचारला, "आधीची नोकरी तुम्ही का सोडलीत?"

मिलिंदराव म्हणाले, "सोडली नाही. मला काढून टाकलं."

सातही जणांनी एकमेकांकडे पाहिलं आणि समाधानाने माना डोलावल्या.